साहेबांना खेकडे आवडतात

किशोरला शहापूरच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला त्या वर्षी, पाऊस ओसरायला लागला होता तेव्हा, वसतिगृहाच्या पत्त्यावर त्याच्या नावाने एक पोस्टकार्ड आले. त्या कार्डाला त्याने उत्तर दिले नाही.

हल्ली कार्ड येते कोणाला? त्याच्या खोलीत राहणारा सुयोग ते दोन बोटांत धरून सगळ्या व्हरांड्यातून फिरला. "बघा रे, आपल्या किशोरला म्युझियममधून पत्र आलंय!" किशोरने ते हिसकावून घेतले. अक्षर पाहिल्याबरोबर त्याने ओळखले. टपोरे, गोल, प्रत्येक ओळीवर सरळ रेघ मारलेले. देसले गुरुजींचे.

"चि. किशोर, अनेक आशीर्वाद," गुरुजींनी लिहिले होते. "तू डी.एड.ला लागल्याचे तुझ्या आईकडून कळले. सावरखिंडच्या शाळेतून शिक्षक होणारा तू पहिलाच. माझी नोकरी आता संपत आली. मी शिकवलेले तुला काय काय आठवते, ते सवडीने कळव. तुझा, कुंडलिक देसले."

किशोर हरखून गेला होता. उत्तर द्यायचे त्याच्या मनात नव्हते असे नाही. त्याच संध्याकाळी त्याने एक कार्ड आणून लिहायला सुरुवातही केली. "ती. गुरुजींस सा. न. गुरुजी, मला खेकडे आठवतात." एवढे झाले आणि जेवणाची घंटा वाजली. बाकीचे उद्या लिहू म्हणून त्याने कार्ड पुस्तकात ठेवले. दुसऱ्या दिवशी असे काही घडले, की ते कार्ड त्याने फाडून टाकले.

खेकड्यांची गोष्ट अशी होती. सावरखिंड हे मुरबाड तालुक्यातले, सिद्धगडाच्या डोंगराला टेकलेले छोटे गाव. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन गुरुजी. वर्षातून एखाद्या वेळी शाळा तपासायला तालुक्याचे साहेब यायचे. आदल्या दिवशी देसले गुरुजी मुलांकडून आवार झाडून घ्यायचे, भिंतीवर नवे तक्ते लावायचे आणि शाळा सुटताना किशोर, मंगळ्या आणि रविना या तिघांना मागे ठेवून घ्यायचे.

"उद्या तुमच्यावर मोठं काम आहे," गुरुजी आवाज खाली आणून सांगायचे. "साहेबांना खेकडे आवडतात. सकाळपासून ओढ्यावर जायचं. काळे, मोठे बघून धरायचे आणि थेट माझ्या खोलीवर नेऊन द्यायचे. शाळेकडे फिरकायचं नाही. एखादा सुटला तर बारकी पोरं घाबरतील."

किशोरच्या हाताला खेकडे चांगले लागायचे. दगडाखाली हात घालून, नांग्यांच्या मागून पाठ दाबून तो असा उचलायचा, की खेकड्याला कळायच्या आत तो डब्यात पडलेला असायचा. बाकीची मुले वर्गात घामाघूम होऊन साहेबांची वाट बघत बसलेली आणि आपण तिघे ओढ्यात. संध्याकाळी तो आईला सांगायचा, "अख्ख्या शाळेतून गुरुजींनी मला निवडला." आई शेजारणींना सांगायची. पुढे आश्रमशाळेत पाचवीला गेल्यावर त्याला वाचता येत नाही म्हणून पहिल्या इयत्तेचे पुस्तक हातात दिले गेले. रडत, मार खात तो वाचायला शिकला. पण तेव्हाही या दोन गोष्टींची सांगड त्याने कधी घातली नव्हती. लहानपणी पक्की बसलेली आनंदाची गोष्ट माणूस सहसा उलटून बघत नाही.

कार्ड आल्याच्या दुसऱ्या दिवशी पूजा मॅडमचा बालमानसशास्त्राचा तास होता. "शिक्षकांनी तुम्हाला मोठं वाटायला लावलं, असा एक प्रसंग सांगा," मॅडम म्हणाल्या. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारा किशोर त्या दिवशी आपणहून उभा राहिला. गुरुजींचे अक्षर डोळ्यांसमोर होते ना! त्याने ओढा सांगितला, दगड सांगितले, खेकडा कुठून धरायचा तेही हाताने करून दाखवले.

वर्गातली किन्हवलीची हर्षाली म्हणाली, "किशोर, त्या दिवशी साहेब शाळेत येऊन काय करायचे?"

"वाचन घ्यायचे. एकेकाला उभं करून."

"आणि तुला तेव्हा वाचता यायचं?"

"नाय," किशोर म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला उच्चार झाल्यावर कळले.

"मंगळ्याला? त्या मुलीला?"

हर्षालीच्या मनात वाईट नसावे. तिने फक्त हिशोबी डोक्याने विचारले होते. पण मागून सुयोग ओरडला, "म्हणजे ढ पोरांची सहल निघायची रे!" आणि सगळा वर्ग फुटला. पूजा मॅडम "शांत बसा, शांत बसा" म्हणत होत्या, पण हसू लपवायला त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवले होते. किशोरने ते पाहिले.

त्या दिवसापासून विद्यालयात त्याचे नाव खेकडा पडले.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुद्दाम कसाऱ्याला गेला. तिथे हायवेवर मंगळ्या पंक्चरच्या दुकानात काम करत होता. सातवीत शाळा सोडून तो घाटाखाली आला, तो तिथलाच झाला होता. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडे शोधत होता. किशोर शेजारी उकिडवा बसला.

"मंगळ्या, गुरुजी आपल्याला खेकड्यांना का धाडायचे रे?"

"वाचाया येत नव्हता म्हून," मंगळ्या ट्यूब फिरवत म्हणाला.

"तुला तेव्हाच म्हाईत होता?"

"सगल्यांना म्हाईत होता. रविनालाबी म्हाईत होता." मंगळ्याने वर पाहिले. "तुला नव्हता काय? आयला! तरी मी म्हणतो हा एवडा खूश कशाला. तू लय खूश असायचास, म्हून आमी काय बोललो नाय."

"तुला राग नाय आला?"

"राग कसला? अख्खा दिवस वढ्यात. एक मोठासा मी चड्डीत लपवून घरी न्यायचो." मंगळ्या हसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने ओल्या हाताने तो पुढे सरकवला. "बघ रे, वाघ हाय का?"

फोनवर नाव नव्हते, वाघाचे चित्र होते. वाघ म्हणजे दुकानाचा मालक. बायकोच्या जागी फूल होते, मेहुण्याच्या जागी ट्रक. सगळी माणसे मंगळ्याने अशी चित्रांनी लावून ठेवली होती. कोणीतरी त्याला शिकवले असावे.

"माझा नंबर कशाखाली आहे?" किशोरने विचारले.

मंगळ्याने अंगठ्याने चित्रे सरकवली आणि खुशीत दाखवले. लाल खेकडा.

किशोर हसला नाही. आपल्या एकट्याचा अपमान झाला असता तर कदाचित त्याने तो गिळला असता. पण चित्रे चाळणारा तो अंगठा त्याला गिळता येईना. या माणसाने आम्हाला चार वर्षे वर्गात बसवले आणि वाचायला शिकवले नाही. वर आम्हालाच शाबासकी दिली. आणि आता विचारतो आहे, मी शिकवलेले काय काय आठवते!

उत्तर द्यायचे, पण कार्डावर नाही, असे त्याने तिथेच ठरवले.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप असते. छात्राध्यापकाने एखाद्या शाळेत राहून वर्ग घ्यायचे, तिथल्या मुख्याध्यापकाने त्याच्या कामाला श्रेणी द्यायची आणि विद्यालयातल्या मार्गदर्शकाने येऊन पाठ बघायचा. बाकीच्यांनी हायवेच्या जवळच्या शाळा मागितल्या. किशोरने सावरखिंड मागितली. मार्गदर्शक म्हणून पूजा मॅडमच होत्या. "स्वतःच्या शाळेत? छान," त्या म्हणाल्या. त्यांना वाटले, मुलगा गाव विसरला नाही.

आता मुख्याध्यापक झालेल्या देसले गुरुजींनी त्याला फाटकातच मिठी मारली. केस पांढरे झाले होते, शर्ट मात्र तसाच पांढराशुभ्र, खिशाला पेन. आता ते मुरबाडला राहत आणि रोज सकाळच्या एस.टी.ने येत. दिवाळीच्या आसपास ते निवृत्त होणार होते. त्यांनी किशोरला आपल्या खुर्चीवर बसवले आणि मुलांना म्हणाले, "हा आपल्या शाळेचा किशोर. उद्या तुमच्यातलं कोण असं होणार?" सगळे हात वर झाले.

मधल्या सुट्टीत गुरुजी हळूच म्हणाले, "मी तुला एक कार्ड टाकलं होतं. मिळालं नाही का रे?"

"नाय गुरुजी."

"पोस्टाचं काही खरं नाही हल्ली," गुरुजी म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला निघून गेले.

चौथीच्या वर्गात किशोरने पहिल्याच आठवड्यात तिघांना हेरले. खिडकीच्या बाजूला शेवटी बसणारे दोघे भाऊ आणि त्यांच्या पुढे भूमिका. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मैनाची ती मुलगी. मोठ्या डोळ्यांची, सतत बडबडणारी. वाचायला सांगितले की ती बोट ठेवून घडाघडा वाचायची. पण किशोर तिच्या मागे जाऊन उभा राहिला तेव्हा त्याला दिसले, की बोट एका ओळीवर आहे आणि तोंडात दुसरीच ओळ चालली आहे. पोरीने कान लावून धडेच्या धडे पाठ करून टाकले होते.

विद्यालयात शिकवतात त्याप्रमाणे त्याने त्याच दिवशी अक्षरकार्डे काढून तिला घेऊन बसायला हवे होते. कार्डे त्याच्या पिशवीत होती. ती त्याने बाहेर काढली नाहीत. भूमिकाला वाचता येत नाही, ही गोष्ट त्याला हवी होती. तो ती जपून ठेवत होता.

त्याला फार वाट पाहावी लागली नाही. नवरात्राच्या आधी तालुक्याचे पथक आदर्श शाळा निवडायला येणार, अशी सूचना आली. गुरुजींच्या अंगात वारे भरले. निवृत्त होण्याआधी शाळेच्या दारावर ती पाटी लागावी, एवढीच त्यांची इच्छा होती. ती ते सगळ्यांना बोलूनही दाखवत. त्यांनी पूजा मॅडमना फोन करून त्याच दिवशी पाठ बघायला यायला सांगितले. "माझाच विद्यार्थी माझ्या वर्गावर शिकवतोय, हे साहेबांना दिसू दे," ते किशोरला म्हणाले. "त्याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?"

आणि आदल्या दिवशी, शाळा सुटताना, त्यांनी ते वाक्य उच्चारले. किशोर फळा पुसत होता.

"किशोर, ते दोघे आणि भूमिका. त्यांना उद्या ओढ्यावर पाठव. साहेबांना खेकडे आवडतात. तूच सांग त्यांना. जागा तुला ठाऊकच आहेत."

किशोरने वळून पाहिले. गुरुजींच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण नव्हते की लबाडी नव्हती. एखाद्याला खडू आणायला सांगावे तसे त्यांनी सांगितले होते. थोडीशी लाज जरी त्या चेहऱ्यावर दिसली असती, तर किशोरचा हात कदाचित अडला असता.

"सांगतो, गुरुजी," तो म्हणाला.

भूमिकाला त्याने वडाखाली गाठले. "उद्या तुमच्यावर मोठं काम आहे," तो म्हणाला. आपल्या तोंडून गुरुजींचाच आवाज निघतो आहे, हे त्याला जाणवले. "ओढ्यावर जायचं. वळणावर आडवा दगड आहे ना, त्याच्या खाली मोठे मिळतील. पण नेहमीसारखे शिजवायला आईकडे नाही न्यायचे. सरळ वर्गात आणायचे आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवायचे."

"शाळंत?" भूमिकाने डोळे मोठे केले. "गुरुजी वरडतील ना."

"मी आहे ना. तू आलीस की साहेब तुझं नाव विचारतील, बघ."

"खरं सर?" ती उडी मारून घराकडे पळाली. "आयव, मला साहेब नाव इचारणार!"

दुसऱ्या दिवशी पथक आले. एक साहेब, त्यांच्याबरोबर दोघे जण आणि मागून रिक्षाने पूजा मॅडम. गुरुजींनी सगळ्यांना गुलाबाची फुले दिली. पाठाला सुरुवात झाली. किशोरचे पाठाचे टाचण मॅडमच्या हातात होते. आठवड्याच्या बाजारावरचा उतारा त्याने फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिला होता. अक्षर गुरुजींच्याच वळणाचे होते. मुलांनी छान उत्तरे दिली. साहेब मान डोलवत होते. गुरुजी दाराशी हात बांधून उभे होते आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

तेवढ्यात दारातून भूमिका आली. गुडघ्यापर्यंत चिखल, ओला फ्रॉक, हातात तेलाचा मोठा डबा, मागे दोघे भाऊ. गुरुजींनी तिला अडवायला हात पुढे केला, पण ती त्या हाताखालून निघून साहेबांच्या खुर्चीपाशी पोचली आणि डबा खाली ठेवून ऐटीत उभी राहिली.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"खेकडं! तुमाला आवडतात ना? लय मोठं हायेत."

"मला? कोणी सांगितलं?"

"गुरुजींनी. साहेब आले का आमाला जायाला लागतं." तिने मागच्या दोघांकडे बोट केले. "आमी तिघंच जातो. दुसऱ्यांना नाय नेत."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिले. साहेब खात्यात मुरलेले होते. तिघेच का जातात, हे त्यांना समजवायला लागले नाही.

इथे किशोरला थांबता आले असते. जे दाखवायचे ते दाखवून झाले होते. पण त्याला अर्धेमुर्धे नको होते.

"ये भूमिका," तो म्हणाला. "साहेबांना वाचून दाखव." आणि त्याने छडी फळ्यावरच्या पहिल्या ओळीवर ठेवली.

भूमिका फळ्यापाशी गेली. तिने एकदा किशोरकडे पाहिले. तो सांगतो आहे म्हणजे जमणारच, असा विश्वास त्या नजरेत होता. तिने ओल्या बोटाने 'बाजार' या शब्दाला हात लावला आणि खणखणीत आवाजात मुंगी आणि कबुतराचा धडा म्हणायला सुरुवात केली. बोट सरकत होते, बाजाराची अक्षरे ओली होऊन पुसली जात होती आणि कबुतर झाडावरून पान टाकत होते.

"हे कुठे लिहिलंय, बाळ?" साहेबांनी विचारले.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा फिस्सकन हसला. मग शेजारचा. मग सगळा वर्ग.

भूमिका थांबली. तिने फळ्याकडे पाहिले, वर्गाकडे पाहिले, मग किशोरकडे. तो चेहरा किशोरला ओळखीचा होता. असा चेहरा त्याने आरशात बघितला नव्हता, पण आतून चांगला अनुभवला होता.

त्याच गोंधळात डबा कलंडला आणि एक खेकडा तिरका तिरका साहेबांच्या खुर्चीखाली शिरला. साहेबांनी दोन्ही पाय वर उचलले. "अहो देसले, हे काय चाललंय!" देसले गुरुजी गुडघ्यांवर बसले, पांढराशुभ्र शर्ट जमिनीला टेकवून खुर्चीखाली शिरले आणि चाचपडत खेकडा शोधू लागले. खेकड्याने त्यांचे बोट पकडले. ते ओरडले नाहीत. तसेच हात झटकत बाहेर आले.

हेच चित्र किशोर वर्षभर मनात रंगवत आला होता. अगदी असेच, उलट थोडे जास्तच. तो ते डोळे भरून बघत राहिला. समाधान झाले का? झाले. खोटे कशाला सांगा. घशाखालून थंड पाणी जावे तसे झाले.

साहेब जेवायला थांबले नाहीत. जीपमध्ये बसताना एवढेच म्हणाले, "आदर्श शाळा म्हणे!"

शाळा सुटल्यावर गुरुजी ओसरीवर बसले होते. बोटाला चिंधी बांधली होती. किशोर समोर उभा राहिला. तो निघून जाऊ शकला असता, पण त्याला ऐकायचे होते.

"कार्ड मिळालं होतं तर तुला," गुरुजी म्हणाले.

"हो."

"तेव्हाचा साहेब वाचायला उभं करायचा आणि येत नसलं की सगळ्यांसमोर विचारायचा, तुझा बाप काय करतो. एका पोराने पुढे शाळाच सोडली. त्यानंतर मी तुम्हाला ओढ्यावर धाडायला लागलो. तुम्ही हसत जायचात, हसत यायचात." गुरुजींचा आवाज चढला नाही. "मी तुला त्या फळ्यापासून लांब ठेवला. तू आज तिला तिथे उभी केलीस."

"तुमी आमाला वाचायला का नाय शिकवलंत?" किशोरची बोली त्याच्याही नकळत सुटली. "एक दिवस लपवलंत. बाकीचं सगळं वर्ष काय केलंत?"

गुरुजी चिंधीची गाठ सोडून ती पुन्हा बांधत राहिले.

रिक्षापाशी पूजा मॅडम टाचण हातात घेऊन थांबल्या होत्या. "हा पाठ मी नापास करते आहे," त्या म्हणाल्या. "फेरपाठ किन्हवलीच्या शाळेत द्यायचा."

"काय खोटं केलं मी? जे होतं तेच दाखवलं."

"टाचणात पाठाचा हेतू लिहायला जागा असते. तिथे तू लिहिलंयस, विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची गोडी निर्माण करणे. त्या मुलीत काय निर्माण केलंस आज?"

"मॅडम, माझ्यावर वर्ग हसला तेव्हा तुमीपण हसला होतात."

पूजा मॅडमनी टाचणाची घडी घातली. मग म्हणाल्या, "हसले होते. तू पाहिलंस हे मला माहीत होतं, आणि तरी मी कधी काही बोलले नाही. पण त्याचा राग तू तिच्यावर काढलास, किशोर. माझ्यावर काढायचा होतास."

दुसऱ्या दिवशी भूमिका शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मैना खिचडी ढवळत होती, ती किशोरकडे बघेना. त्याने विचारले तेव्हा म्हणाली, "ती म्हणते मला वाचाया येत नाय, मी कशाला जाऊ? आदी तिला म्हाईत नव्हता, सर. आता कलला." मोठ्या पळीने तिने पातेल्याच्या काठावर दोन ठोके दिले. "मला तर वाटायचा, पोरगी घडाघडा वाचते."

किशोर ओढ्यावर गेला. भूमिका आडव्या दगडावर पाय सोडून बसली होती.

"चल शाळेत. मी शिकवतो तुला."

"तुमी मला मुद्दाम बोलावलात ना?" ती पाण्याकडे बघत म्हणाली.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडले. एक थाप त्याने गुरुजींना सहज मारली होती. हिच्यापुढे ती जमेना. भूमिका उठली आणि पाण्यातून पलीकडच्या काठाला गेली.

इंटर्नशिपचे उरलेले दिवस तसेच सरले. निघताना गुरुजींनी त्याच्या कामाची श्रेणी लिहून लिफाफा दिला. किशोरला वाटले होते, ते आपल्याला बुडवणार. रस्त्यात त्याने लिफाफा उघडला. "अध्यापन कौशल्य उत्तम," त्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते. किशोरचा संताप झाला. या माणसाने उलट बदला घेतला असता तर दोघांचे फिटले असते. आता ते फिटायचे राहिले.

किन्हवलीचा फेरपाठ त्याने दिला आणि तो पास झाला. दिवाळीआधी देसले गुरुजी निवृत्त झाले. गावाने शाल आणि नारळ दिला. भाषणे झाली नाहीत, असे सुट्टीत घरी गेल्यावर आईने सांगितले. भूमिकाचे विचारले तर म्हणाली, "ती आता आईसोबत भात कापाया जाते." शाळेला नवीन शिक्षक अजून मिळाला नव्हता. दुसरे गुरुजी एकटेच चारही वर्ग सांभाळत होते.

सुट्टी संपवून शहापूरला परत आल्यावर किशोर पोस्टात गेला. खिडकीवरच्या बाईंनी कार्ड शोधून काढून दिले. तिथल्याच बाकावर बसून, मांडीवर पुस्तक ठेवून त्याने ते लिहिले. मागच्या वर्षी मनात जुळवलेल्या शिव्यांपैकी एकही उपयोगी पडली नाही. अक्षर बारीक काढावे लागले.

"ती. गुरुजी, सा. न. आपण विचारले होते, मी शिकवलेले काय काय आठवते. आपण शिकवलेले मला काही आठवत नाही. खेकडे आठवतात. मी आपल्याला माफ केलेले नाही. करीन असे वाटतही नाही. भूमिका शाळेत येत नाही. निम्मे आपले, निम्मे माझे. माझी परीक्षा होईपर्यंत मला येता येणार नाही, आणि ती मला जवळ येऊ देणार नाही. आपण आता मोकळे आहात. सकाळची एस.टी. आपल्याला पाठ आहे. मैनाच्या ओसरीवर जाऊन बसा. ती नको म्हणाली तरी बसा. दोघा भावांनाही बोलवा. तिला वाचता येऊ लागले की तिच्या हाताने लिहिलेले एक कार्ड मला पाठवा. ते येईपर्यंत आपण निवृत्त झालात असे मी मानणार नाही. किशोर."

त्याने पत्ता घातला, पिनकोड घातला. पुन्हा वाचून बघितले असते तर काहीतरी खोडावेसे वाटले असते, म्हणून त्याने वाचले नाही. बाहेर आला. लाल पेटीचे तोंड गंजून अरुंद झाले होते. कार्ड अर्धे आत जाऊन अडकले. त्याने बोटाने ते आत ढकलले आणि तळाशी पडल्याचा आवाज आल्यावर तो वर्गाकडे निघाला.